चौथ्या मजल्यावरची थंडी

माझ्या बहिणीच्या नवऱ्यानं छत्तीस वर्षं आमच्या वसाहतीला ऊब पुरवली, आणि पेन्शनीत निघाल्यावर त्याच वसाहतीत ते थंडी शोधत फिरले. हसू येतं ना? आम्हालाही आलं होतं. नोव्हेंबर संपेपर्यंत आम्ही हसत होतो.

भावोजींचं नाव लुबोर फाबियान. माझी थोरली बहीण यार्मिला, तिला मी ताईच म्हणते. रोझ्नोव ह्या डोंगराळ गावच्या वसाहतीत आम्ही एकाच इमारतीत राहतो, ते दोघं चौथ्या मजल्यावर आणि मी दुसऱ्यावर, एकटी. वसाहतीच्या टोकाला उंच धुराड्याचं बॉयलरघर आहे. तिथून गरम पाणी निघतं ते घरोघरच्या भिंतीवरच्या रेडिएटरांत खेळतं. भावोजी तिथले फोरमन. रेडिएटर कोमट झाला की लोक फोन करून त्यांना शिव्या द्यायचे, आणि घराची भट्टी झाली तरी त्यांनाच द्यायचे. ते सगळं ह्या कानानं ऐकून त्या कानानं सोडायचे. माणूस अबोल. रागावले की कानाच्या पाळ्या लाल होतात, तेवढीच खूण. एकेचाळीस वर्षांच्या संसारात ते मोठ्यानं ओरडलेले मी तरी ऐकले नव्हते.

अशा माणसाचा जीव अडकला होता एका झुडपात.

आमच्या डोंगरांवर ज्युनिपर उगवतं. काटेरी, हट्टी झुडूप. मेंढ्या त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून कुरणात ते एकटंच माजतं. त्याच्या धुरावर आम्ही मांस धरतो, त्याची निळी फळं कोबीत टाकतो, एरवी त्याला कुणी विचारत नाही. एकतीस वर्षांपूर्वी राधोश्त डोंगराच्या उतारावर एक मेंढपाळ असलंच एक झुडूप उपटून जाळायला निघाला होता. भावोजींनी ते त्याच्याकडून मागून घेतलं, ओल्या गोणपाटात गुंडाळलं आणि बसमधून मांडीवर घेऊन आले. "मला वाटलं, कोकरू आणलंय," असं ताई अजून सांगते. त्या झुडपाचं त्यांनी बोन्साय केलं. म्हणजे काय केलं, तर एकतीस वर्षं त्याच्यामागे लागले. उथळ मातीची कुंडी, तांब्याच्या तारा, चिमटे, छोट्या कात्र्या. पहिल्या पाच वर्षांत ते दोनदा मरता मरता वाचलं. माझ्या गुडघ्याएवढं झाड, पण बघितलं की डोंगरावरचा म्हातारा वृक्ष लांबून दिसावा तसं. खोड अर्धं पांढरं, वाळून हाडासारखं झालेलं. उरलेल्या अर्ध्यावर तपकिरी सालीची तीन बोटं रुंद पट्टी होती. सगळं झाड त्या पट्टीवर जगायचं.

आता ज्युनिपरला हिवाळ्यात घरात ठेवायचं नसतं, हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन, इतकं मी ते ऐकलंय. त्याला थंडी हवी, पण बेताची. ऊब मिळाली की त्याला वाटतं वसंत आला. ते जागं होतं आणि पुढच्या कडाक्यात मरतं. उलट कुंडी दगडासारखी गोठली आणि वर वारा सुटला तरी मरतं, कारण गोठलेल्या मातीतून पाणी पिता येत नाही. म्हणजे शून्याच्या थोडं खाली, थोडं वर, सावली, वारा नको, आणि मार्चपर्यंत कुणी हात लावायचा नाही. नवरी नटवणं परवडलं!

तीस हिवाळे हे सगळं बिनबोभाट झालं, कारण नदीकाठी त्यांचा बागेचा तुकडा होता. औजारांच्या खोपटाच्या उत्तरेला खड्डा करायचा, कुंडी गळ्यापर्यंत पुरायची, वर स्प्रूसच्या सूचिपर्णी फांद्या टाकायच्या. त्यावर बर्फ पडला की झालं. मग मार्चपर्यंत भावोजी घरी बसून शब्दकोडी सोडवायला मोकळे. गेल्या ऑक्टोबरात तिथल्या सगळ्या बागा गेल्या. मोठं दुकान येणार होतं, त्याच्या गाड्या लावायला जागा हवी होती. खोपटं पाडली, सफरचंदाची झाडं यंत्रानं उचकटली. भावोजी बटाट्याच्या टोपलीत झाड घेऊन चौथ्या मजल्यावर आले आणि हिवाळा पुढे उभा राहिला.

आधी त्यांनी ते गॅलरीत ठेवलं. आमची इमारत दोन वर्षांपूर्वी बाहेरून जाड थर लावून ऊबदार केली, आणि तेव्हाच गॅलऱ्यांना काचा बसवल्या. सगळे खूश. भावोजींनीही तेव्हा हात वर करून मत दिलं होतं. आता त्याच काचांमागे दुपारी ऊन आलं की अठरा अंश व्हायचे आणि पहाटे उणे सात. काच उघडी ठेवली तर वारा. बंद ठेवली तर ऊन. पडदा लावला तर पडद्यामागे ऊब कोंडायची. ते दिवसातून सहा वेळा काच सरकवायचे आणि दर वेळी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तापमान लिहायचे. बघता बघता नोव्हेंबरचं सगळं पान आकड्यांनी काळं झालं.

"दुपारी उन्हाळा, पहाटे सैबेरिया," ते मला म्हणाले. "व्लास्ता, तूच सांग, ह्यात माणूस तरी झोपेल का?"

"तळघरात ठेवा ना."

"तळघरात सोळा अंश. तिथनंच माझे नळ गेलेत."

त्यांचे नळ! बोलण्यात अजून ते बॉयलरघरातून निघाले नव्हते.

मग ते इमारतीच्या सभेत गेले. ह्या सभांना मी चुकूनही जात नाही, पण त्या दिवशी ताईनं मला ढकललं, म्हणाली, "जा, नाहीतर हा माणूस तिथे दोन वाक्यं बोलून परत येईल." समितीच्या अध्यक्ष माखालोवाबाई. शाळेत भूमिती शिकवायच्या, आणि अजून समोरच्याला फळ्यापाशी उभं केल्यासारखं बोलतात.

"मागच्या दाराजवळ सायकलींची खोली आहे," भावोजी म्हणाले. "तिथे गरम नळ नाहीत. एक कोपरा द्या. हातभर जागा, मार्चपर्यंत."

"सामायिक जागेत वस्तू ठेवायची नाही. आगीचा नियम आहे."

"बाई, तिथे सायकली आहेत की."

"सायकली नियमात बसतात. झाड बसत नाही."

मी मध्ये पडले. "आग लागली तर ते गुडघ्याएवढं झाड काय लोकांना आडवं येणार आहे?"

"आज झाड येईल. उद्या कुणी कोबीचं पिंप आणील, परवा ससे."

"त्याला उबेत मरण आहे हो," भावोजी म्हणाले. इतक्या काकुळतीनं मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

माखालोवाबाईंनी चष्मा काढला. "फाबियानसाहेब, सत्त्याऐंशीच्या जानेवारीत माझी मुलगी दोन महिन्यांची होती आणि घरात नऊ अंश. मी बॉयलरघरात फोन केला. तुम्हीच उचललात. काय म्हणालात, आठवतं?"

भावोजी स्वतःच्या बुटांकडे बघायला लागले.

"म्हणालात, 'बाई, स्वेटर घाला.' आता तुमच्या झाडाला जाऊन सांगा. उकडत असेल तर म्हणावं, स्वेटर काढ."

सभा खो खो हसली. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा हसले. भावोजींच्या कानाच्या पाळ्या टोमॅटोसारख्या झाल्या. जिन्यात ते एवढंच म्हणाले, "त्या वर्षी कोळसाच गोठून आला होता. कुदळीनं फोडत होतो. हे मी फोनवर कुणाकुणाला सांगणार होतो?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी बेडरूमचा रेडिएटर बंद केला, खिडकी उघडली आणि झाड खिडकीखाली स्टुलावर ठेवलं. घर दोन खोल्यांचं. ताईला सप्टेंबरात न्यूमोनिया होऊन गेलेला, डॉक्टरांनी उबेत राहायला बजावलेलं.

"लुबोर, बायकोला उबेत ठेवायचं आणि झाडाला गारठ्यात, हे दोन्ही ह्या घरात व्हायचं नाही," ताई म्हणाली.

"होईल. मध्ये दार आहे."

दार होतंच. दाराखालच्या फटीत त्यांनी घोंगडी कोंबली. ताई उशी घेऊन बाहेरच्या सोफ्यावर गेली. सोफ्यावर एकच माणूस मावतो, म्हणून भावोजी लोकरीची टोपी घालून आत झोपायला लागले. एकेचाळीस वर्षं एका पलंगावर झोपलेली माणसं.

"शाबास भावोजी," मी म्हटलं, "बायको बाहेर आणि झुडूप आत! लोकांना काय सांगू?"

"सांग, झुडूप घोरत नाही."

झाडाला पाणीही थेट घालायची सोय नव्हती. नळाचं पाणी गोठतं, म्हणून ते खाली उतरून बादलीभर स्वच्छ बर्फ भरायचे, लिफ्टनं वर आणायचे आणि कुंडीतल्या मातीवर हातानं थापायचे. बर्फ हळूहळू मुरतो, मुळांना पांघरूणही होतो. लिफ्टमध्ये पाणी सांडलं म्हणून माखालोवाबाईंनी खाली चिठ्ठी लावली. चिठ्ठीत नाव नव्हतं, पण 'बादली' ह्या शब्दाखाली दोन रेघा होत्या. खालच्या मजल्यावरचे लोक म्हणायला लागले की आमचं छत गार पडलंय. एका झाडापायी हा शहाणा माणूस सगळ्यांच्या वाकड्यात शिरला.

डिसेंबरात एकवीस तारखेला ताईनं नाताळचा कार्प मासा आणला. रिवाजाप्रमाणे त्याला न्हाणीतल्या टबात सोडला, आणि रिवाजाप्रमाणेच स्वतःच्या हातानं न्हाणीचा रेडिएटर बंद करून वरची खिडकी उघडली. माशाला गार पाणी लागतं.

भावोजी दारात उभे राहून बघत होते. "वा! तीन दिवसांनी ज्याला तळायचा त्याच्यासाठी खिडकी उघडी. आणि एकतीस वर्षं ज्याला वाढवलं त्याच्यासाठी मी दारोदार हिंडतोय."

"माशाला वर्षातून एकदाच त्रास देतो आपण," ताई म्हणाली. "आणि हे बघ, आता न्हाणी गार आहेच, तर झाड ठेव त्याच्या सोबतीला. सणाचे दिवस तरी मला माझ्या पलंगावर झोपू दे."

इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा दोघांचं एका गोष्टीवर जमलं. झाड कपडे धुण्याच्या मशीनवर बसलं, टबात कार्प. न्हाणीत चार अंश, ना ऊन ना वारा. भावोजी म्हणाले, ह्याच्याइतकी चांगली जागा घरात दुसरी नाही, मूर्खासारखं सुचलंच नाही आधी. तीन दिवस ते शीळ घालत होते.

चोवीस तारखेला सकाळी भावोजींनी कार्प मारला, साफ केला. दुपारी ते आमच्या आईबाबांच्या कबरींवर मेणबत्त्या लावायला गेले. मी वर बटाट्याची कोशिंबीर करायला आले. माशालाही मीठ लावलं, हाताला वास, म्हणून धुवायला न्हाणीत गेले, तर काय गारठा! मला वाटलं, ताई रात्री इथे अंघोळ करणार, छाती भरलेली बाई. खिडकी लावून घेतली आणि रेडिएटरची चावी पार शेवटपर्यंत फिरवली. झाड मला दिसलं नाही का? दिसलं. मशीनवर होतं, रेडिएटरला लागून. पण माझ्या डोक्यात ताईची छाती होती, आणि मी दार ओढून घेतलं.

भावोजी परतले तसे लगेच सहा वाजता जेवायला बसलो. आमच्याकडे नाताळच्या त्या संध्याकाळी सगळ्यांचं जेवण संपेपर्यंत पानावरून कुणी उठायचं नाही. जो उठेल तो पुढच्या नाताळला पानावर नसतो. आईनं हे कडकडीत पाळलं, ताईही पाळते. सूप, मासा, कोशिंबीर, ब्रेड, अगदी काडेपेटीसुद्धा हाताच्या अंतरावर मांडते, म्हणजे तिलाही उठायला नको. मी लहान असताना बोहूशमामा चुलीत लाकूड सारायला उठला होता. आई ओरडली, तो हसला. फेब्रुवारीत जंगलात काम करताना झाड अंगावर पडून गेला. ताई तेव्हा अठरा वर्षांची होती. तिनं ते हसणं पाहिलं होतं.

मासा वाढून झाला. सगळं छान चाललं होतं. मला कशाला अवदसा आठवली!

"ताई, तुझी न्हाणी म्हणजे शवागार होतं गं," मी म्हटलं. "मी चांगली गरम करून ठेवलीये. तीन वाजल्यापासून रेडिएटर पूर्ण उघडा आहे."

भावोजींचा काटा हवेतच राहिला. "झाड कुठेय?"

ताईनं माझ्याकडे बघितलं.

"व्लास्ता, झाड कुठेय?"

"मशीनवरच."

ते उठायला लागले. ताईनं बाही पकडली. "लुबोर, बस."

"यार्मिला, तीन तास झालेत."

"जेवण होऊ दे. आम्ही पटापट संपवतो. व्लास्ता, खा गं लवकर."

मी खायला लागले. पण कार्प म्हणजे काट्यांचं पोतं, तो का घाईनं खायचा मासा आहे? तिसऱ्या घासाला माझ्या घशात काटा अडकला. मी खोकतेय, ताई एका हातानं माझ्या पाठीत मारतेय, दुसऱ्या हातानं नवऱ्याची बाही धरून ठेवलीये, आणि भावोजी बंद दाराकडे बघतायत. मिनिटभर थांबले हो ते. दोन मिनिटंही असतील. मग त्यांनी बाही सोडवून घेतली आणि उठले.

न्हाणीत एकोणतीस अंश होते. मातीवरच्या बर्फाचं पाणी होऊन मशीनवरून ओघळत होतं. भावोजींनी कुंडी उचलली, सरळ गॅलरीत नेली आणि सगळ्या काचा उघडल्या. बाहेर उणे तेरा होते, राधोश्तवरून वारा येत होता. गरम नळ एकदम गार पाडला तर तडकतो, हे त्या माणसानं छत्तीस वर्षं नव्या लोकांना शिकवलं होतं. पण त्या क्षणी थंडी एवढं एकच त्यांना सुचलं. अर्ध्या तासानं त्यांचंच त्यांना उमगलं, धावत जाऊन झाड आत बेडरूममध्ये आणलं. पण अर्धा तास झाला तो झालाच.

ते परत येऊन पानावर बसले, गार मासा खाल्ला. मग ताईनं पानं उचलली. भांडी घासताना मी म्हटलं, "जाऊ दे गं, पुरुषांना एकेक वेड असतं." तिनं नुसतं बघितलं माझ्याकडे. मला वाटलं, सणाचा विचका केला म्हणून चिडलीये. त्या रात्री ती पुन्हा सोफ्यावर गेली.

जानेवारीपासून सुरू झालं ते आणखी वाईट होतं, कारण करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. झाड हिरवंगार होतं. भावोजींनी ब्रनोमधल्या त्यांच्या बोन्सायवाल्या मित्राला फोन केला, आणि तो काय म्हणाला ते मला येऊन सांगितलं. "म्हणाला, हिरवं आहे ह्यावर जाऊ नकोस. नाताळचं झाड तोडून आणतात, तेही महिनाभर हिरवंच असतं की."

"मग कळणार कसं?"

"एप्रिलात. नवे शेंडे फुटले तर आहे. नाही तर नाही."

"साल खरवडून बघा ना थोडी."

"कडाक्यात जखम करतात का?" ते खेकसले. पण मला कळलं, त्यांना धीर होत नव्हता.

तर असे तीन महिने हा माणूस उणे दोन अंशात टोपी घालून, मेलंय की जिवंत हे माहीत नसलेल्या झाडाशेजारी झोपला. वरून ताईनं त्यांचा छळ मांडला होता. निदान ते तरी तसंच म्हणायचे.

"तुझी बहीण रोज पहाटे दार उघडून उभी राहते," ते माझ्याकडे येऊन तक्रार करायचे. "ऊब आत सोडते. काही बोलत नाही, नुसती उभी. मी ओरडायच्या बेतात येतो, मग म्हणतो, दार लाव, झाड जागं होईल. की जाते."

"मुद्दाम करत असेल."

"मुद्दामच! गाडीची किल्ली लपवलीये. रस्ता निसरडा आहे म्हणे. दिवा बदलायला शिडी काढली तर शिडी शेजाऱ्याला देऊन टाकली. दोनदा हृदयाच्या डॉक्टरकडे नेलं. मला काही झालेलं नाही! डॉक्टर म्हणाला, घोड्यासारखे आहात. तर ही म्हणते, पुन्हा बघा. सगळा सूड आहे, सोफ्याचा."

मलाही ते पटलं. मी ताईला झापलं. "एवढं काय धरून बसलीस? पहाटे उठून दार कशाला उघडतेस? त्यांच्या झाडाला ऊब लागते."

"असंच," ताई म्हणाली. फेब्रुवारीत तर ती इतकी चिडचिडी झाली, की मी तिच्याकडे जायचीच बंद झाले.

एप्रिल आला. खाली बर्चला पानं फुटली, पोरं अर्ध्या बाह्यांत फिरायला लागली. झाडावर शेंडे दिसेनात. भावोजी भिंग घेऊन तासन् तास बघायचे. हिरवा रंग होता, पण त्यातलं तेज गेलेलं, वाळलेल्या चहासारखा. एका रविवारी मी केक घेऊन वर गेले, तर त्यांनी झाड स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून ठेवलं होतं. हातात छोटी सुरी.

"आज बघतो," म्हणाले.

त्या तीन बोटं रुंद पट्टीवर त्यांनी सुरीचं टोक हलकेच ओढलं. साल निघाली. खाली हिरवं दिसायला हवं. तपकिरी होतं, कोरडं. त्यांनी वर आणखी एक ओरखडा काढला. तपकिरी. एक फांदी वाकवली, ती कट् करून मोडली.

"मेलं," ते म्हणाले. सुरी खाली ठेवली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी चावी फिरवणारा हात माझाच. कशानं मेलं हे कुणी सांगू शकणार नाही, गॅलरीनं, माझ्यामुळे, त्या अर्ध्या तासानं, की नुसतं म्हातारपणानं. पण मी केकचा डबा हातात घेऊन नुसती उभी राहिले.

ताई ओट्यापाशी होती. ती हात पुसत पुढे आली. "नक्की?"

"नक्की."

"एखादी फांदी तरी असेल. खाली बघ. तिथे खरवड."

तिचा आवाज कापत होता. भावोजी तिच्याकडे बघायला लागले. त्या झाडासाठी तिचा आवाज कापेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नसेल. त्यांनी मुळाजवळ खरवडलं आणि तिला दाखवलं. "सगळं गेलं गं, यार्मिला. कुठेच काही नाही."

ताई खुर्चीवर बसली. तिनं छातीवर क्रूस काढला, म्हणाली, "देवा, तुझे उपकार," आणि ढसाढसा रडायला लागली.

भावोजींच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायला लागल्या. "काय म्हणालीस?"

"बरं झालं म्हणाले. गेलं ते बरं झालं. तू उठला होतास पानावरून. त्या दिवसापासून रोज पहाटे येऊन बघत होते, तुझा श्वास चालतोय का. टोपी नाकापर्यंत ओढून झोपतोस, काही दिसत नाही. मी तिथे उभी राहून पांघरूण हलायची वाट बघायची. आणि तू काय म्हणायचास? दार लाव, झाड जागं होईल!"

"यार्मिला..."

"ह्या घरातनं कुणीतरी जाणार होतं. ते गेलं. संपलं आता."

"ते झाड होतं!"

"हो. तू नाहीस."

भावोजी उभे राहिले. आणि मग तो माणूस ओरडला. भांड्यांच्या कपाटाची काच थरथरली. एकतीस वर्षं, म्हणाले, एकतीस वर्षं, आणि बायको देवाचे उपकार मानते! मग त्या दुकानावर ओरडले, त्याच्या गाड्यांवर, गॅलरीच्या काचांवर, त्यांना मत देणाऱ्या स्वतःच्या हातावर, माखालोवाबाईंवर, त्यांच्या स्वेटरवर. मग माझ्याकडे वळले आणि माझ्यावर ओरडले, चावीबद्दल, चार महिने गिळलेलं सगळं. मी ऐकून घेतलं. खाली कुणीतरी छताला काठीनं ठोकलं, तर त्याच्यावरही ओरडले.

ताईनं डोळे पुसले. मांडीवर हात ठेवून ती त्यांच्या तोंडाकडे बघत बसली होती, तोंड लाल, मानेची शीर फुगलेली. श्वास घ्यायला ते थांबले, तेव्हा ती म्हणाली, "आणखी?"